अस्तरातला खिसा

प्रिय चिंगे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, इथे सगळी धडधाकट आहेत. तुझ्या बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा ते स्वतःच जास्त कुरकुरतात. तुझी लेक उशिरा उठते, दोन्ही वेळा पोटभर जेवते आणि आजोबांना पत्त्यांत सपाटून हरवते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायचा. फोनवर का नाही बोललीस म्हणशील. बाई गं, फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी अर्ध्यावर येते तोवर तू बरं आई, ठेवते म्हणून मोकळी होतेस. पत्रात मला निदान वाक्य तरी पुरं करता येतं.

तर मुद्द्याचं. गेल्या सोमवारी तू सांगितलेलं काम मी केलेलं नाही. तू म्हणालीस, पोरीच्या निळ्या जॅकेटच्या अस्तरात काहीतरी आहे, चाचपलं की कडक लागतं, कडेची शिवण तिने स्वतःच्या हाताने घातली आहे. दोन महिने झाले, ती खोलीचं दार लावून बसते, काही विचारलं की खांदे उडवते. आई, आता सुट्टीला तुझ्याकडेच आहे तर ते उसव, काय आहे ते वाच, मला सांग आणि पुन्हा शिवून टाक. इथपर्यंत मी हं हं करत होते. मग तू जराशी थांबलीस आणि म्हणालीस, फक्त या वेळी टाके वाकडे घाल. आणि ठेवलास फोन.

मी तशीच उभी. तुझे बाबा घाबरून विचारायला लागले, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी गेलं नाही, आणि शिलाई मशीनवर जाऊन बसले, पण दोरा ओवता येईना. पंचवीस वर्षं, चिंगे. पंचवीस वर्षं तुला ठाऊक होतं आणि ताकास तूर लागू दिली नाहीस. मी आपली खुशाल समजत होते की त्यातून मी सहीसलामत सुटले.

आता झाकण्यासारखं काही उरलंच नाही तर माझ्या तोंडून ऐक. तू पंधरा वर्षांची होतीस. आपल्या दोन खोल्या, त्यातली बाहेरची म्हणजे माझं दुकान. मशीन, आरसा, टांगलेले कपडे. आतल्या खोलीत तुझी खाट, आणि कपडे घालून बघायला बायका तिथेच जायच्या. तुझ्या अंथरुणावर त्यांच्या पर्सा, त्यांचे काढलेले कपडे. तू आत अभ्यास करत असलीस तरी मी म्हणायचे, जा हो आत, पोरगीच आहे. तुला कपाट नव्हतं, माझ्या कापडाच्या फळीवर एक कप्पा होता, त्याला दार नव्हतं. एक दिवस तुझ्या शाळेच्या तपकिरी कोटाला इस्त्री करताना डाव्या बाजूला कागद कुरकुरला. उलटा करून बघते तर अस्तराच्या कडेला चार बोटं शिवण नवी. तपकिरी अस्तरावर काळा दोरा आणि टाके कसले, कोंबडी चालून गेलेली नुसती! खरं सांगू? मला आधी राग आला तो त्या शिलाईचा. शिवणाऱ्या बाईची पोर आणि हे दिवे!

मग मी ब्लेड घेतलं. क्षणाचाही विचार केला नाही, हे सांगायला आज लाज वाटते. आणि दुसरीही एक गोष्ट ऐक, ती तुला ठाऊक आहे पण तू कधी बोलली नाहीस. मशीनच्या खाली पत्र्याचा डबा होता ना, गिऱ्हाइकांच्या खिशात सापडलेल्या वस्तूंचा? तिकिटं, चिठ्ठ्या, औषधांची नावं, एकदा तर कुणाचं तरी फाडून पुन्हा चिकटवलेलं पत्र. त्यातली एकही घडी मी कधी उलगडली नाही. ज्याची वस्तू त्याच्या हातात. त्यावरून बायका माझं केवढं कौतुक करायच्या. तोच हात तुझ्या अस्तरात घालताना मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

तो पहिला कागद मला अजून पाठ आहे. तू लिहिलं होतंस की आई माझं सगळं गिऱ्हाइकांना सांगते. मला पाळी आली तेव्हा तीन बायकांना त्याच दिवशी कळलं होतं, त्यातल्या एकीने माझ्या गालाला हात लावला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला या घरात एक दार हवंय, लहान असलं तरी चालेल. एवढंच होतं गं. शहाण्या बाईने त्याच दिवशी खाटेभोवती पडदा लावला असता, माझ्याकडे कापडाला काय तोटा होता? पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिच्यासाठी पाठ मोडेपर्यंत मशीन हाणते आणि ही मला कागदावर काढते! तुझ्या बाबांना सांगायला गेले तर त्यांनी जेवता जेवता डावा हात वर केला. आयुष्यभर टपाल वाटलं त्या माणसाने, पाकीट कधी उजेडाकडे धरलं नाही. म्हणाले, ज्याच्या नावाचं त्याचं, मला ऐकवू नकोस. मी म्हटलं, तुमचे पोस्टाचे नियम पोस्टात. ती माझी पोर आहे, गिऱ्हाईक नाही.

कागद होता तसा घडी घालून ठेवला, काळा दोरा ओवला आणि तुझ्यासारखे वेडेवाकडे टाके घालायला बसले. तुला वाटत असेल मी प्रयत्नच केला नाही. केला! डोळे मिटून घातले, डाव्या हाताने घातले. पण या हाताला वळणच नाही गं ते, एक टाका मुद्दाम मोठा घातला की पुढचे तीन आपसूक सारखे येतात. शेवटी म्हटलं, पंधरा वर्षांच्या पोरीला काय कळतंय. आणि तुला पहिल्याच दिवशी कळलं असणार. माझ्या मांडीवर बसून हातशिलाई बघत मोठी झालेली तू, माझा टाका तू अंधारात हात फिरवूनही ओळखला असतास.

त्यानंतर दर रविवारी तू शेजारी गेलीस की मी उसवायचे आणि शिवायचे. कागद बदलत गेले आणि मी मूर्खासारखी खूश होत गेले. आज सगळा अभ्यास झाला. आई किती दमते, तिला मदत करायला हवी. मैत्रिणींनी डबा वाटून खाल्ला. शाळेच्या चमूत धावायला घेतलंय, रोज सराव असतो, सर म्हणतात अंग हलकं झालं तर पहिली येशील. किती शेखी मिरवली मी त्या काळात! बायकांना म्हणायचे, आमच्या चिंगीच्या मनात काय आहे ते मला न सांगता कळतं. तू आत खाटेवर बसून ते ऐकत असशील. आता कळतंय, ते कागद तू मला लिहीत होतीस. टपालाला घातल्यासारखे अस्तरात घालत होतीस आणि ते बरोबर पोचत होते.

तुझा शाळेचा स्कर्ट मी वर्षातून दोनदा नव्याने बेतायचे. कंबर सव्वीस होती. मग चोवीस भरली. मग साडेबावीस. मापाची पट्टी माझ्या हातात होती, चिंगे. दुसऱ्या कुणाच्या मुलीची कंबर अशी उतरली असती तर मी तिच्या आईला बाजूला घेऊन विचारलं असतं, सगळं ठीक ना? तुझ्या वेळी मी मनात म्हटलं, धावते ना पोरगी. कागदात आहे ना तसं. आणि स्कर्ट आत घेतला. तुझे गाल बसलेले, तुझे केस गळून माझ्या मशीनच्या पायात अडकलेले, आणि मी बघत काय होते तर तुझ्या कोटाची डावी बाजू.

मग तू शाळेच्या जिन्यात पडलीस. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, किती महिने ही नीट जेवत नाहीये? मी ठसक्यात सांगितलं, छे हो, मैत्रिणींबरोबर डबा वाटून खाते, धावण्याच्या चमूत आहे. त्यांनी शाळेत फोन लावला. चमू नव्हता. सराव नव्हता. डबा तू रोज शाळेच्या मागच्या भिंतीवर ठेवून यायचीस. त्या बाई मला फक्त एवढंच म्हणाल्या, घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का? माझं तर सगळं लक्ष होतं. दोन वर्षं एक रविवार चुकला नव्हता.

त्या वर्षी नेमकं काय झालं होतं, कुणी काय बोललं, कशाने तुझं अन्नावरचं मन उडालं, ते तू मला आजवर सांगितलेलं नाहीस. मी किती तऱ्हांनी विचारलं, लाडाने, रागाने, रडून. तू म्हणायचीस, काही नाही गं आई. आणि मग तू बरी झालीस, शिकलीस, लोकांचं रक्त तपासायला लागलीस. दुसऱ्याच्या नावाचा रिपोर्ट तू नवऱ्यालाही सांगत नाहीस याचा मला अभिमान वाटतो, पण तो मला कुणापुढे मिरवता येत नाही. कारण ते तू माझ्याकडून शिकलेली नाहीस, माझ्यामुळे शिकलीस.

आता तुझ्या लेकीकडे येते. सोमवारपासून ते निळं जॅकेट आमच्या खुंटीवर. जाता येता माझे हात शिवशिवत होते. तुला वाटेल म्हातारीला उपरती झाली आणि तिने हातच लावला नाही. तसं झालेलं नाही. माझ्या डोक्यात सारखं साडेबावीस, साडेबावीस. या पोरीलाही तसं काही असेल तर? कुणी त्रास देत असेल तर? तेव्हा वाचूनही कळलं नाही, आता न वाचून तरी कसं कळणार? बुधवारी ती आंघोळीला गेली, मी जॅकेट काढलं, ब्लेड घेतलं आणि पहिला टाका कापला. एकच. तुझ्यापेक्षा बरं शिवते हो ती, दोराही रंगाला रंग लावून घेतलाय. तो एक टाका कापला आणि लक्षात आलं की मला तो परत तिच्यासारखा घालता येणार नाही. वाकडे टाके घाल म्हणालीस ना? नाही जमत. पंचवीस वर्षांत तेवढं एक शिकले नाही मी.

ती बाहेर आली तेव्हा मी तशीच बसले होते, मांडीवर जॅकेट, हातात ब्लेड. लपवायला वेळ होता खरं म्हणजे, पण नाही लपवलं. सांगितलं, एक टाका कापलाय, आत बघितलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं जॅकेट उचललं, आत गेली आणि दार लावलं. दुपारी जेवायला आली नाही. तुझे बाबा पत्ते घेऊन दाराबाहेर जमिनीवर बसले, त्या दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि एकटेच डाव मांडत राहिले. दार वाजवलं नाही. चार वाजता दार उघडलं. ती म्हणाली, आजोबा, तुमचा राजा चुकला. मग माझ्याकडे वळून विचारलं, आईने सांगितलं होतं ना? मी हो म्हटलं. तुला वाईट वाटेल, पण या पोरीशी खोटं बोलून सुरुवात करायची नव्हती मला.

मग मीही सरळ विचारलं, जे तुला पंधराव्या वर्षी विचारायला हवं होतं. कुणी त्रास देतं का? अन्न नकोसं होतं का? जिवाला धोका होईल असं काही आहे का? असेल तर तू चिड, रड, मी सोडणार नाही. नसेल तर तो कागद तुझा. तिने माझ्याकडे बघत उत्तर दिलं, तसं नाहीये आजी. असतं तर तुला सांगितलं असतं. तुला म्हणजे मला, आजीला, असं म्हणाली ती, आईला नाही. हे लिहावं की नाही याचा मी खूप विचार केला, तुझ्या काळजात चर्र होणार हे माहीत आहे. पण तुझ्याशीही आता काही गाळून बोलायचं नाही असं ठरवलंय. जॅकेट तिला बगलेत दाटतं म्हणून तिला विचारून माप घेतलं. वर्षापूर्वीचं माप माझ्या वहीत आहे. सगळीकडे वाढली आहे पोरगी, उतरलेली कुठेच नाही. तिने खरं सांगितलं का? मला वाटतं, हो. मी चुकत असेन का? असेनही. ती भीती माझ्या पोटात आहेच, ती काही जायची नाही, पण ती माझी मला सांभाळायला हवी.

गुरुवारी सकाळी ती जॅकेट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. शिवण तिची तिनेच उसवली होती. म्हणाली, आजी, इथे मला खराखुरा खिसा करून दे, आतल्या बाजूने, बटणासकट. चार घड्यांचा कागद तिने माझ्या मशीनच्या पाटावर ठेवला, उडू नये म्हणून वर माझीच कात्री ठेवली, आणि आजोबांबरोबर फिरायला निघून गेली. तासभर, चिंगे! तासभर मी खिसा बेतला, कडा दुमडल्या, अस्तराला लावला, आणि तो कागद वीतभर अंतरावर. एकदा मी तो उचलला. होय, उचलला. वजनाला काहीच नव्हतं. परत होता तसा ठेवला आणि कात्रीही होती तशीच ठेवली. ती परत आली तेव्हा तिने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही, विचारलं, काज कधी करणार?

तिच्या पिशवीत तुझा तपकिरी कोटही घालून देतेय. जिन्यातल्या त्या दिवसानंतर तू तो कधी घातला नाहीस आणि मी तो कपाटात खाली ठेवून दिला. त्यात अजून एक कागद आहे, दाबलं की लागतो. शिवण तुझी आहे, काळ्या दोऱ्याची, कोंबडीच्या पायांची. ती मी उसवली नाही, पण त्याचं श्रेय मला देऊ नकोस, मला नुसती भीती वाटत होती. उघड, जाळ, तसाच ठेव. मी विचारणार नाही. आणि खाटेला मी पडदा लावायला हवा होता. तेवढं मला माफ करता आलं तर कर.

आता शेवटचं, आणि एवढा सगळा घाट यासाठीच. काज करताना मी सहज म्हटलं, अगं, तुम्हा पोरांचं सगळं त्या फोनमध्ये असतं ना, मग हा कागदाचा खटाटोप कशाला? ती बटणाशी खेळत म्हणाली, फोन आई रोज बघते, मी आंघोळीला गेले की. तिला वाटतं मला कळत नाही. मग फोनमध्ये मी आईसाठी लिहिते. मैत्रिणींना खुशालीचं, अभ्यास झाला, मजा आली. ते वाचून तिला बरं वाटतं. माझी सुई तिथल्या तिथे थांबली. मी तिला विचारलं, हे तुझ्या आईला लिहू का? तिने बटण तळहातावर उलटं केलं, सुलटं केलं. मग म्हणाली, लिही, मला नाही सांगता येणार, पण एवढंच लिही. म्हणून एवढंच लिहिलंय. हे पाकीट मी तिच्याच हाती देतेय, डिंक तुझ्या बाबांनी लावलाय. घरी आल्यावर नव्या खिशाचं बटण काढून तिने हे पाकीट स्वतः तुला दिलं असेल. त्याच खिशात, या पाकिटाला लागून, तिचा तो कागदही होता. तो तिने दिला नसेल. मागू नकोस.

तुझीच,
वाकडे टाके अजूनही न जमलेली,
आई